मुलाला ‘मंद’ म्हणण्यापूर्वी
(ट्रस्टच्या महोत्सवी सभेत दिलेले भाषण)



मी व्यवसायाने शाळाशिक्षिका. पदवी घेतली, बी.एड. केले, त्यात मानसशास्त्र हा एक विषय होता. आणि पुढे वीस वर्षे वर्गात उभे राहून त्या पुस्तकी विद्येचा पडताळा पाहत आले. तेव्हा पंडिताचे व्याख्यान माझ्याकडून कोणी अपेक्षू नये. मानसशास्त्र म्हणजे काय, ते आपले निष्कर्ष कसे काढते, आणि आपल्या देहातील मज्जासंस्थेशी मनाचा संबंध काय, एवढे तीनच मुद्दे मी घेणार आहे. हे तिन्ही मुद्दे मी आपल्या घराघरांत विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाभोवती मांडीन. तो प्रश्न असा : ‘आमचे मूल मंद तर नाही ना?’

ह्या प्रश्नाचे उत्तर आपण फार घाईने देतो, आणि ते दोन्ही बाजूंनी चुकते. ज्या मुलाला काहीही झालेले नाही, त्याला आपण ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. उलट, ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज आहे, त्याच्याविषयी दादी म्हणते, ‘ह्याचे अब्बाही उशिराच बोलले होते, होईल आपोआप.’ पहिल्या चुकीने मुलाचा धीर जातो. दुसऱ्या चुकीने मोलाची वर्षे जातात. ह्या दोन चुकांमधून वाट काढणे, हेच आजच्या भाषणाचे प्रयोजन समजावे.

हा प्रश्न जगात कोठून निघाला, ते आपल्या बडोद्याच्याच इतिहासावरून चांगले समजते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला, हे येथे कोणाला सांगावयास नको. आता सक्तीच्या शिक्षणाचा अर्थ पाहा. तोपर्यंत शाळेत येत ती बहुधा निवडक मुले. सक्ती झाल्याबरोबर शेतकऱ्याचे, विणकराचे, मजुराचे, सर्वांचे मूल एका बाकावर आले. त्यांत काही चटकन शिकली, काही मागे राहिली. मागे राहणाऱ्यांचे काय करावयाचे?

हाच पेच फ्रान्समध्येही पडला होता. तेथे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १८८२ सालचा. ज्यांना नेहमीच्या वर्गात शिकणे कठीण जाते, अशी मुले ओळखावी कशी, हे काम सरकारने एका समितीकडे दिले. त्या समितीत आल्फ्रेड बिने नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि डॉ. सिमाँ ह्यांनी १९०५ साली तीस कसोट्यांची एक मालिका तयार केली. सोप्यापासून कठीणापर्यंत चढत जाणारी. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का, चित्रातील वस्तू दाखविता येते का, ऐकलेले आकडे पुन्हा म्हणता येतात का, अशी ती लहान लहान कामे. बिने ह्यांचा हेतू मुलाच्या कपाळावर शिक्का मारण्याचा नव्हता. ज्याला जास्त मदत हवी, तो शोधून काढून त्याला ती द्यावी, एवढाच होता. १९११ साली ते वारले. पुढे त्यांच्या कसोटीचा आकडा करून तो आयुष्यभराचा दाखला म्हणून वापरणारे पुष्कळ निघाले. तो दोष बिने ह्यांचा नव्हे.

आता पहिला मुद्दा. मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या, असा एक समज आहे. ‘बाई, तुम्ही सायकॉलॉजी शिकलात, सांगा पाहू माझ्या मनात काय आहे?’ असे मला लग्नाच्या मांडवातही विचारतात! ती विद्या ह्या शास्त्रात नाही. माणूस कसा वागतो, कसा शिकतो, का विसरतो, कशाला भितो, ह्याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे मानसशास्त्र. मनाविषयी विचार करणारे तत्त्वज्ञ हजारो वर्षांपासून झाले. पण १८७९ साली जर्मनीत लाइपझिग येथे व्हुण्ट ह्यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हे स्वतंत्र शास्त्र झाले असे मानतात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग निघाला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर शिक्षण आणि मानसशास्त्र ह्या दोन विषयांची मिळून एक विद्याशाखा आहे. शिकविणाऱ्याला मन कळले पाहिजे, हा विचार त्या नावातच आला.

दुसरा मुद्दा पद्धतीचा. कोणीही ‘माझा अनुभव असा आहे’ म्हटले, की शास्त्र लगेच मान हलवीत नाही. ते तीन-चार प्रश्न विचारते. ते प्रश्न एकदा समजले, की घरातही उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न : पाहणाऱ्याच्या मनाचा रंग निकालाला लागला आहे का? ह्याची एक गमतीदार गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स नावाचा घोडा होता. त्याला बेरीज विचारावी, तो पायाचा खूर आपटून बरोबर उत्तर देई. लोक थक्क होत. ओस्टेन लबाड मुळीच नव्हते. शेवटी फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकाने बारकाईने तपास केला आणि १९०७ साली निकाल दिला. विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर घोडा चुके. खूर योग्य आकड्यापर्यंत आला, की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा थांबे! आता घरी पाहा. पाहुण्यांसमोर आई बाळाला विचारते, ‘चाँद कोठे आहे?’ आणि स्वतःच वर पाहते. बाळ वर पाहते. आई खूष. कसोटी मात्र झालेली नसते. ह्याच कारणाने खरी चाचणी घेणारा माणूस शिकविलेला असावा लागतो, आणि प्रत्येक मुलाला तोच प्रश्न त्याच रीतीने विचारावा लागतो.

दुसरा प्रश्न : दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरते का? चौदा महिन्यांचे मूल चालत नाही. कोणी तावीज बांधते, कोणी महागडे टॉनिक आणते. पंधराव्या महिन्यात मूल चालू लागते, आणि श्रेय तावीजाला किंवा बाटलीला जाते. कोणाच्या श्रद्धेला मी धक्का लावीत नाही. पण ते मूल त्या महिन्यात आपोआपच चालू लागले नसते कशावरून? हे ठरविण्यासाठी सारख्या वयाच्या मुलांचे दोन गट घ्यावे लागतात. एकाला उपाय द्यावयाचा, दुसऱ्याला नाही, आणि मग दोन्हींत फरक पडतो का ते पाहावयाचे. कोणते मूल कोणत्या गटात, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावयाचे, म्हणजे पक्षपात होत नाही. बाळाला मधे बसवून फिरविण्याचा चाकांचा वॉकर आपण हौसेने आणतो. त्याने मूल लवकर चालते असे अभ्यासांत दिसून आलेले नाही. उलट जिन्यावरून पडण्याचे अपघात मात्र इतके झाले, की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली.

तिसरा प्रश्न : तुलना कोणाशी? शेजारणीचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला, म्हणून आपला मागे, हा हिशेब चुकीचा. एका मुलावरून नियम होत नाही. पुष्कळ मुले पाहावी लागतात, आणि ती मुले आपल्यासारख्या घरांतील असावी लागतात. अमेरिकेतील मुलांवर तयार केलेली कसोटी जशीच्या तशी आपल्या मुलांना लावली, तर जे चित्र त्याने कधी पाहिलेच नाही, त्याचे नाव येत नाही म्हणून आपले मूल मंद ठरेल. म्हणून धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिने ह्यांच्या कसोट्या कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने जुळविल्या. त्यांचे ह्या विषयावरील पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. मापाची पट्टी आपल्या मुलांवरून आखावयाची, हा त्यातला मुख्य विचार.

तोच विचार पुढे आपल्या बडोद्याने फार मोठ्या कामात उतरविला, आणि त्याची आपल्यापैकी अनेकांना कल्पनाही नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बालविकास विभागात डॉ. प्रमिला फाटक ह्यांनी बाळांच्या वाढीचा अभ्यास केला. अमेरिकेत नॅन्सी बेली ह्यांनी बाळांसाठी कसोट्या तयार केल्या होत्या. फाटकबाईंनी त्या कसोट्या बडोद्यातील बाळांना लावून, आपल्याकडचे मूल कोणत्या महिन्यात काय करते, ह्याची मानके ठरविली. त्या कामाचा अहवाल १९७० साली झाला. ‘बडोदा मानके’ ह्या नावाने ती ओळखली जातात. त्यांच्या आधारे जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या भारतीय बाळांसाठी जी विकासमापनाची कसोटी झाली, तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ बाबी आहेत. त्यांचे दुसरे काम माणसाच्या चित्राचे. मुलाला कागद-पेन्सिल देऊन माणूस काढावयास सांगावयाचे, आणि त्याने डोळे, कान, बोटे असे काय काय काढले ते मोजावयाचे. ही कल्पना अमेरिकेतील गुडइनफबाईंची, १९२६ सालची. भारतीय मुलांसाठी तिची पट्टी फाटकबाईंनी बडोद्यात केली आणि ती १९६६ साली प्रसिद्ध झाली.

मोठी कसोटी घ्यावयास वेळ लागतो आणि तज्ज्ञ लागतो. म्हणून तिच्यातील ५४ बाबी निवडून एक छोटी ‘बडोदा चाचणी’ १९९१ साली निघाली. त्याच सुमारास केरळात तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी ह्या बडोदा मानकांतून अवघ्या १७ बाबी निवडल्या आणि एका कागदावर तक्ता केला. मुलाचे वय जेथे येते, तेथे पेन्सिल उभी धरावयाची. पेन्सिलीच्या डाव्या बाजूची सर्व कामे मुलाला आली पाहिजेत. एखादे येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावयाचे. काही मिनिटांचे काम! बडोद्याच्या बाळांवरून आखलेली पट्टी केरळातील खेड्यापर्यंत पोचली. आपल्या घरी मात्र ती आपल्याला ठाऊक नाही.

आता तिसरा मुद्दा, मज्जासंस्थेचा. मूल अमुक महिन्यात अमुक करते, असे का? आधी मान, मग कंबर, मग पाय, हा क्रम का? त्याचे उत्तर मेंदूत आणि मज्जातंतूंत आहे.

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. मेंदूपासून पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू खाली जातो, आणि त्यातून निघालेले तंतू बोटाच्या टोकापर्यंत पसरतात. काही तंतू बातमी आणतात, काही हुकूम नेतात. निखाऱ्याला बोट लागले, की हात मागे येतो आणि ‘आई ग’ नंतर निघते. कारण हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूची वाट न पाहता मज्जारज्जूतूनच सुटतो. हिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. हा निरोप किती वेगाने जातो? पूर्वी लोकांना वाटे, क्षणार्धात, मोजता न येण्याजोगा. १८५० साली हेल्महोल्ट्झ ह्यांनी बेडकाच्या पायाच्या मज्जातंतूवर तो मोजला. सेकंदाला पंचवीस-तीस मीटरच्या आसपास निघाला.

पुढे असे कळले की सर्व तंतूंचा वेग सारखा नसतो. विजेच्या तारेवर जसे आवरण, तसे काही तंतूंवर एक स्निग्ध वेष्टण असते. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून निरोप सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. जाड, वेष्टणाच्या तंतूतून शंभर मीटरपर्यंत धावतो. आणि मुख्य गोष्ट ही, की बाळ जन्मते तेव्हा हे वेष्टण पुष्कळ ठिकाणी चढलेले नसते. ते पुढे हळूहळू चढते. जन्माच्या वेळी साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा मेंदू मोठेपणी तेराशे-चौदाशे ग्रॅमचा होतो, आणि ह्यातील बहुतेक वाढ पहिल्या काही वर्षांतच होते. पेशीपेशींमधील जोडण्याही ह्याच काळात झपाट्याने होतात. ज्या वापरल्या जातात त्या पक्क्या होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळतात.

ह्याची खूण डॉक्टर लोक बाळाच्या तळपायावर पाहतात. मोठ्या माणसाचा तळवा घासला, की अंगठा खाली वळतो. तान्ह्या बाळाचा अंगठा वर उठतो. मेंदूकडून पायाकडे येणारी वाट पक्की झाली, की साधारण दोन वर्षांच्या आत ही खूण बदलते. बाबिन्स्की नावाच्या वैद्यांनी १८९६ साली ह्या खुणेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. ही पक्की होण्याची क्रिया डोक्याकडून पायाकडे उतरत जाते. म्हणून मान आधी सावरते आणि पाऊल शेवटी पडते. तीन महिन्यांच्या बाळाला धरून कितीही चालविले, तरी ते चालणार नाही. वाटच तयार झालेली नाही.

ही वाट प्रत्येक घरी एकाच दिवशी तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका ह्या पाच देशांतील ८१६ निरोगी मुले पाहून २००६ साली आकडे दिले. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत, एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत. म्हणजे एक निरोगी मूल नवव्या महिन्यात चालेल आणि दुसरे तितकेच निरोगी मूल सतराव्या महिन्यात! ज्या आया तेराव्या महिन्यात रडत बसतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि जे दोन वर्षे झाली तरी ‘चालेल हळूहळू’ म्हणतात, त्यांनीही हाच आकडा लक्षात ठेवावा. मुभा आहे, पण तिला शेवट आहे.

मग घरात काय पाहावे? पाचव्या महिन्यापर्यंत मान सावरली नाही. सहा-सात महिन्यांचे मूल आवाजाकडे वळत नाही. दहाव्या महिन्यात आधाराशिवाय बसत नाही. दीड वर्षात चालत नाही किंवा एकही अर्थाचा शब्द बोलत नाही. अथवा कोणत्याही वयात आलेली गोष्ट पुन्हा जाते. ह्यांपैकी काहीही दिसले, तर बालरोगतज्ज्ञाकडे जावे. ह्याचा अर्थ मूल मंद आहे असा नव्हे. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो. पण तो हातात घेऊन पाहावा लागतो. जाताना महिनेही बरोबर मोजावे. दिवसांआधी जन्मलेल्या बाळाचे वय, जन्माची ठरलेली तारीख धरून मोजतात.

आपल्या घरांपुरती एक गोष्ट विशेष सांगते. आपली मुले घरी उर्दू ऐकतात, कोणाच्या घरी मराठी, गल्लीत गुजराती, पुढे शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची. गुजराती शाळेत गेल्यागेल्या मूल गप्प बसले, की ‘ह्याला समजत नाही’ असा शेरा पडतो. समज आणि शाळेची भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाचे शब्द मोजावयाचे तर सर्व भाषांतील मिळून मोजावे. दोन भाषा ऐकल्याने मेंदू गोंधळतो, ह्या समजाला आधार नाही.

माझ्या वर्गातील एक उदाहरण देते. चौथीतली एक मुलगी मागच्या बाकावर बसे. वहीतला उतारा पाहून सुंदर लिही. तोंडी सांगितलेले मात्र भलतेच लिही. आधीच्या वर्गांत तिला ‘लक्ष नसते’ असा शेरा मिळत आला होता. मी तिला आठवडाभर पुढच्या बाकावर बसविले आणि श्रुतलेखनाच्या चुका मोजल्या. मग आठवडाभर मागे बसवून मोजल्या. मागे बसली की चुका दुपटीहून जास्त. प्रयोगशाळा लागली नाही, वही आणि पेन्सिल पुरली. कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, लहानपणापासून कान वाहत होता, ऐकू कमी येते. औषधोपचार झाला, जागा बदलली. तिची आई मला म्हणाली, ‘आपा, चार वर्षे हिला आम्ही रागावत होतो, ते हिला ऐकूच येत नव्हते.’ त्या वाक्यात सर्व मानसशास्त्र आले असे मला वाटते. मेंदूपर्यंत बातमीच पोचत नसेल, तर मेंदूला दोष कसा द्यावा?

अध्यक्षमहोदय, आपला ट्रस्ट मुलांना वह्या देतो, शिष्यवृत्त्या देतो, अडल्यानडल्याला औषधपाण्याची मदत करतो. हे सर्व मोठे काम आहे. पण शिष्यवृत्तीपर्यंत पोचते ते मूल आधीच पार पडलेले असते. जे चौथीतच गळते, ते आपल्या यादीवर येतच नाही. म्हणून ह्या महोत्सवी वर्षात एक नम्र सूचना करते. वर्षातून एक दिवस आपल्या सभागृहात समाजातील पाच वर्षांखालील सर्व मुलांना बोलवावे. त्यांचे डोळे आणि कान तपासावे आणि लहानग्यांसाठी तो पेन्सिलीचा तक्ता लावावा. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्यात अंगणवाडी आणि शाळांतून मुलांची तपासणी होते. वाढीतील विलंब हा त्या तपासणीचा एक भागच आहे. आपल्या मुलाचे नाव त्यात आहे की नाही, हे पाहण्याचे कामही ट्रस्टचे तरुण करू शकतील. ह्याला मोठा निधी लागत नाही. तक्त्याच्या प्रती, एक-दोन डॉक्टरांची सकाळ, आणि घरोघर जाऊन ‘मूल घेऊन या’ म्हणणाऱ्या चार भगिनी, एवढे पुरे. भगिनींच्या त्या यादीत माझे नाव पहिले लिहावे.

आणि घरी जाताना प्रत्येकाने एवढेच ठरवावे : मुलाला ‘मंद’, ‘ढ’, ‘बावळट’ हे शब्द आजपासून आपल्या घरात कोणी लावणार नाही. शंका आली तर पाहावे, मोजावे, आपल्याच मुलांच्या मापाशी तुलना करावी, आणि जाणत्याला विचारावे. शब्द नंतर.